कारंज्याला न लागलेले नाव : सर बार्टल फ्रियर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा संपादक मंडळाचा निरोप आला की दरवर्षी मी काही ना काही कारण सांगून सुटका करून घेतो. ३३ वर्षे नळखात्यात नोकरी केलेल्या माणसाने लिहायचे तरी काय? पाइप, व्हॉल्व्ह आणि गळती यांवर गणेशोत्सवाच्या अंकात कोण वाचणार! यंदा मात्र विषय मुंबईच्या फुटपाथवर उभ्या उभ्या मिळाला, तेव्हा लेखणीचा हा पहिलावहिला प्रयत्न मंडळातील बंधुभगिनींनी आणि जुन्या सहकाऱ्यांनी सांभाळून घ्यावा ही विनंती.

मुलीकडे मुंबईला गेलो होतो. नातीला घेऊन एका संध्याकाळी फोर्टात फिरायला गेलो आणि हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनसमोर थांबलो. पूर्वी दोनतीनदा पाहिले होते तेव्हा ते कोरडे होते आणि अंगावर रंगाचे थर चढलेले होते. महानगरपालिकेने दुरुस्ती करून जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा सुरू केले. रंग खरवडून मूळ दगड मोकळा केला, आतली नळव्यवस्था नव्याने बसवली. खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुन्या ट्रामचे रूळही सापडले होते. आता दगड फिकट पिवळसर दिसतो आणि पाणी पायरीपायरीने खाली उतरते. माणसे मोबाइलवर फोटो काढत होती. मी मात्र सवयीने पाणी कुठून चढते, कुठे परतते, दाब किती असेल हेच बघत बसलो.

नातीने विचारले की वर उभी असलेली ही बाई कोण? मी सांगितले, फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी. मग ती म्हणाली की ती इथे का आली? याचे उत्तर मला देता आले नाही. घरी आल्यावर जावयाच्या कपाटातली मुंबईवरची पुस्तके काढली. त्यांतून कळले की या कारंज्याचे नाव फ्लोरा ठेवायचे ठरलेच नव्हते. ते व्हायचे होते फ्रियर फाउंटन, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावाने. ते नाव काही टिकले नाही. आणि हे फ्रियरसाहेब कोण म्हणून वाचत गेलो, तर साताऱ्याचे नाव समोर आले, मागोमाग नागपूरचे, आणि नागपूरमागून आपले रायपूर.

हेन्री बार्टल एडवर्ड फ्रियर यांचा जन्म २९ मार्च १८१५ चा, वेल्समधला. ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी येथील कॉलेजात शिकून १९ व्या वर्षी ते मुंबईच्या नोकरीवर निघाले. त्या काळी सगळे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जहाजाने येत. या पोराने वेगळीच वाट मागितली. माल्टाला थांबून थोडे अरबी शिकायचे, इजिप्त जमिनीवरून ओलांडायचे आणि तांबड्या समुद्रातून पुढे जायचे. तेथे उघड्या होडीतून मोखा बंदर गाठले, मग हाजींच्या अरबी गलबतात बसून सुरत आणि तेथून सप्टेंबर १८३४ मध्ये मुंबई. हिंदुस्थानी, मराठी आणि गुजराती या भाषांच्या परीक्षा देऊन १८३५ साली ते पुण्याला असिस्टंट कलेक्टर झाले.

पुणे जिल्ह्यात त्यांनी जे पाहिले ते त्यांच्या पुढच्या आयुष्यासाठी महत्त्वाचे ठरले असावे असे मला वाटते. पेशवाई बुडून सतरा वर्षे झाली होती. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने बसवलेला शेतसारा इतका जड होता की गावेच्या गावे ओस पडत होती, आणि मोजणीत कनिष्ठ नोकरांनी लाचलुचपत व मारहाण केल्याच्या तक्रारी होत्या. त्याची चौकशी गोल्डस्मिड यांनी केली आणि तरुण फ्रियर त्यांचे मदतनीस होते. त्यातूनच इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी करून सारा कमी केला आणि तो ३० वर्षांसाठी पक्का केला. आपल्याकडच्या महसूल खात्यातील निवृत्त मंडळींना सांगायला नको की मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया तो हाच. उन्हातान्हात बांधावर उभे राहून कुणब्याशी मराठीत बोलणारा तो साहेब तेव्हा विशीतला होता.

पुढे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांचे खाजगी सचिव, १८४४ मध्ये त्यांच्याच मुलीशी, कॅथरिनशी विवाह, आणि मग साताऱ्याचे रेसिडेंट. येथून खरी गोष्ट सुरू होते.

साताऱ्याची गादी म्हणजे शिवछत्रपतींची गादी. १८१८ मध्ये पेशव्यांचा पाडाव केल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना तेथे बसवले आणि १८३९ मध्ये त्यांनाच पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांच्या बाजूने रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे दाद मागत राहिले, ती हकीकत बहुतेकांना ठाऊक असेल. प्रतापसिंहांच्या जागी आलेले त्यांचे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब यांना मूलबाळ नव्हते. ५ एप्रिल १८४८ रोजी ते वारले आणि मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. आता हा दत्तक मानायचा की नाही?

रेसिडेंट फ्रियर यांचे मत स्पष्ट होते. दत्तक हिंदू रीतीला धरून आहे, राज्य तहाने दिलेले आहे, ते खालसा करण्याचा आपल्याला अधिकार नाही. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचेही मत तसेच होते. पण क्लार्क गेले, नवे गव्हर्नर आले, कलकत्त्यात लॉर्ड डलहौसी बसले होते, आणि लंडनच्या डायरेक्टरांनीही खालसा करण्याच्या बाजूने कौल दिला. छत्रपतींचे राज्य इंग्रजी नकाशात विरघळले. आणि त्या खालसा झालेल्या मुलखाचे पहिले कमिशनर म्हणून नेमणूक झाली ती फ्रियर यांचीच.

ही नेमणूक त्यांनी स्वीकारली. येथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ज्या निर्णयाला लेखी विरोध केला तोच निर्णय अमलात आणायला हा माणूस त्याच बंगल्यात, त्याच खुर्चीत बसला. त्यांचे चरित्रकार सांगतात की त्यांनी मुलूख चांगला राखला, रस्ते केले, जुन्या मानकऱ्यांना सांभाळून घेतले. ते खरेही असेल. दुसरा कोणी आडदांड साहेब आला असता तर साताऱ्याचे आणखी हाल झाले असते असेही म्हणता येईल. सरकारी नोकरीत मीसुद्धा न पटलेल्या फायलींवर सह्या केल्या आहेत, तेव्हा फार तावातावाने बोलण्याचा मला अधिकार नाही. पण सही ती सहीच.

रायपूरकरांनी हे का वाचावे? कारण सातारा ही डलहौसींच्या दत्तक नामंजुरीच्या धोरणाची पहिली मोठी शिकार. ते पचले म्हणून पुढचे सोपे गेले. १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. छत्तीसगड त्या राज्याचाच भाग. १७४१ मध्ये भोसल्यांची फौज येथे आली, बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार बघत, आणि त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, वैद्य, शिलेदार अशी मराठी माणसे येत गेली. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज असेच ब्राह्मणपाऱ्यात, तात्यापाऱ्यात, बुढापाऱ्यात स्थिरावले. १८५४ पासून त्या सर्वांचा धनी बदलला. साताऱ्यात १८४८ मध्ये फ्रियर यांचे ऐकले गेले असते तर नागपूरवर तीच कुऱ्हाड इतक्या सहज चालली असती का, हा प्रश्न मला आता सुटत नाही. १८५७ चा भडका उडाल्यावर सरकारला शहाणपण सुचले आणि संस्थानिकांचे दत्तक मान्य करण्याच्या सनदा कॅनिंग यांच्या काळात निघाल्या. म्हणजे रेसिडेंट फ्रियर यांचे मत दहाबारा वर्षांनी खरे ठरले. तोवर सातारा, झाशी, नागपूर सगळे गेले होते.

साताऱ्यानंतर ते सिंधचे कमिशनर झाले आणि १८५९ पर्यंत कराचीत होते. आपल्या रायपुरात सिंधी शेजाऱ्यांची कमी नाही, म्हणून दोन गोष्टी सांगतो. टपालासाठी त्यांनी १८५२ मध्ये अर्ध्या आण्याचे सिंध डाक तिकीट काढले. हिंदुस्थानातलेच नव्हे तर आशियातले ते पहिले तिकीट. आणि अधिकाऱ्यांनी सिंधी शिकलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. आज वापरात असलेली सिंधीची अरबी वळणाची लिपी त्यांच्याच कारकिर्दीत, १८५३ मध्ये, सरकारने मुक्रर केली. १८५७ मध्ये त्यांनी सिंधमधील फौज पंजाबकडे पाठवून इंग्रजांचा तो प्रांत वाचवायला हातभार लावला, त्याबद्दल सर ही पदवी मिळाली. ज्यांच्या राज्याची बाजू त्यांनी एकदा मांडली होती त्यांच्याविरुद्धच्या लढाईत ते अर्थातच आपल्या सरकारबरोबर होते. दुसरे काही होणे शक्यही नव्हते.

एप्रिल १८६२ मध्ये फ्रियर मुंबईचे गव्हर्नर म्हणून परतले आणि येथून आपण कारंज्याकडे येतो.

तेव्हा मुंबई म्हणजे तटबंदीतले शहर होते. अपोलो गेट, चर्च गेट, बझार गेट असे तीन दरवाजे, बाहेर खंदक, रात्री दरवाजे बंद. फ्रियर यांनी तट पाडायला काढला. जेथे चर्च गेट होते नेमक्या त्याच जागी आज फ्लोरा उभी आहे. लोकलच्या स्टेशनाला चर्चगेट म्हणतात पण गेट कुठेच दिसत नाही, याचे कोडे मला पन्नास वर्षांनी उलगडले! मोकळ्या झालेल्या जमिनीवर नवे रस्ते, चौक आणि सरकारी इमारती आखल्या गेल्या. मुंबईला जे पाहायला आपण जातो त्यातले पुष्कळसे पुढच्या पंधरा वर्षांत त्या जागेवर उभे राहिले.

पैसा कुठून आला? अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत कंपन्या आणि बँका पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई थांबली आणि सारे कोसळले. बँक ऑफ बॉम्बे बुडाली, तीत सरकारचाही हिस्सा होता. सरकारने वेळीच लगाम घातला नाही असा ठपका पुढच्या चौकशीत फ्रियर यांच्या सरकारवर आला. शेअरच्या त्या वाऱ्यात पुण्याजवळ गणेशखिंडीत गव्हर्नरचा नवा बंगलाही १८६४ मध्ये सुरू झाला होता आणि त्याच्या खर्चावरून भरपूर बोलणी बसली. ती इमारत म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. आपल्यापैकी ज्यांची मुले तेथे शिकली त्यांनी तिच्यासमोर फोटो काढलाच असेल.

पण या बाजारात काही चांगलेही झाले. एप्रिल १८६३ मध्ये भोर घाटातली रेल्वे फ्रियर यांच्या हस्ते सुरू झाली आणि मुंबई-पुणे हा प्रवास रुळावर आला. १८६४ मध्ये येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या इमारतीची पायाभरणी त्यांनी केली. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाचा पाया त्यांच्या हातून १८६२ मध्ये घातला गेला. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांची त्यामागची धडपड सर्वज्ञात आहे आणि ते संग्रहालय आज भाऊ दाजींच्या नावाने आहे. फ्रियर यांची कन्या मेरी हिने दौऱ्यात असताना ॲना लिबेराता डिसोझा या आयाबाईंच्या तोंडून दख्खनच्या गोष्टी ऐकून लिहून घेतल्या आणि १८६८ मध्ये पुस्तक छापले. लोककथा सांगणाऱ्या बाईचे नावगाव पुस्तकात येणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मला विचाराल तर फ्रियर घराण्याचे हे काम बापाच्या गव्हर्नरकीपेक्षा जास्त निर्मळ.

आता कारंजे. पश्चिम हिंदुस्थानची शेती आणि बागायती संस्था होती, तिच्या मनात राणीच्या बागेत मोठे कारंजे बसवायचे होते. आराखडा इंग्लंडचे नामवंत वास्तुविशारद नॉर्मन शॉ यांचा, घडाई जेम्स फोर्सिथ यांची, दगड इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा, तोही जहाजाने आणलेला. खर्च ४७,००० रुपये, त्यांपैकी २०,००० रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख या एका पारशी गृहस्थांनी दिले. मागाहून जागा बदलली आणि बागेऐवजी ते फोर्टात, पाडलेल्या चर्च गेटच्या जागी आले. १८ नोव्हेंबर १८६९ रोजी ते खुले झाले. शिखरावर फ्लोरा, खाली शिंपले, मासे आणि कोपऱ्यांवर आणखी मूर्ती.

नळखात्याचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कारंजे म्हणजे दगड नव्हे, कारंजे म्हणजे दाब. मुंबईत १८५४ साली पाण्याचे असे हाल झाले होते की गुरे शहराबाहेर न्यावी लागली. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरने विहार तलावाची योजना आखली आणि १८६० मध्ये तलावाचे पाणी लोखंडी नळाने, पंपावाचून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आले. दिवसाला सुमारे ३२ दशलक्ष लिटर. हिंदुस्थानातील शहरासाठीची ही पहिली नळयोजना मानतात. हे पाणी आले नसते तर फ्लोराबाई कोरड्याच उभ्या राहिल्या असत्या.

हे मी अनुभवाने सांगतो. नोकरीत असताना एका गावात (नाव सांगत नाही) चौकात कारंजे बसवले गेले. गावाला पाणी दिवसातून दोन तास. पंपाच्या क्षमतेचा कागद माझ्या सहीने गेला होता आणि तो मी घाईत तपासला नव्हता. उद्घाटनाला टँकरने हौद भरला, कारंजे उडाले, टाळ्या झाल्या, आणि पाहुण्यांचे भाषण संपायच्या आत धार खाली बसली. नंतर त्या हौदात कुंड्या ठेवल्या. आजही त्या गावावरून जाताना मी खिडकीबाहेर बघत नाही.

आपल्या रायपूरला नळाचे पाणी आले ते १८९२ मध्ये, खारून नदीवरून. राजनांदगावचे राजे बलरामदास यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली आणि योजनेला बलरामदास वॉटर वर्क्स असे नावही दिले गेले. त्याआधी सारे गाव तलावांवर, ब्राह्मणपारा कंकाली तलावावर. आज सकाळी नळ सोडताना बलरामदासांचे नाव कोण घेतो? कर्सेटजी पारेख यांचेही तेच झाले. आणि फ्रियर यांचेही. कारंजे खुले झाले तेव्हा त्यांना मुंबई सोडून अडीच वर्षे झाली होती, ते मार्च १८६७ मध्येच विलायतेला परतले होते. जागेवर नसलेल्या साहेबाचे नाव लोकांच्या तोंडी बसायचे कसे? डोळ्यांसमोर बाई उभी होती, तिचेच नाव चालले.

विलायतेत त्यांनी आणखी एक मोठे काम अंगावर घेतले, आणि त्याचा धागा नाशिकला जाऊन पोहोचतो. पूर्व आफ्रिकेतून गलबतांत भरून माणसे विकायला नेत. समुद्रात पकडलेल्या गलबतांतून सुटका झालेली काही आफ्रिकन मुले मुंबईला आणली जात आणि नाशिकच्या शरणपूर येथील मिशनमध्ये वाढत, लोहारकाम, सुतारकाम शिकत. फ्रियर गव्हर्नर असताना लिव्हिंग्स्टन मुंबईला आले आणि १८६५ च्या सुमारास शरणपूरची काही मुले घेऊन आफ्रिकेला गेले. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले तेव्हा त्यांचे शव समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत या नाशिककर मुलांचा वाटा होता. त्याच वर्षी फ्रियर सरकारतर्फे झांझिबारला जाऊन आले आणि पाठोपाठ सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. मोंबासाजवळ मुक्त झालेल्यांची जी वसाहत झाली तिला फ्रियरटाउन नाव मिळाले, आणि तेथे जाऊन राहिलेल्यांत नाशिकहून गेलेले अनेक जण होते. हे नाव मात्र टिकले.

येथे थांबलो असतो तर एका भल्या माणसाचे चरित्र झाले असते. पण १८७७ मध्ये त्यांना दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून पाठवले. तेथील गोऱ्यांच्या वसाहती एकत्र जोडायच्या होत्या आणि मध्ये झुलू लोकांचे स्वतंत्र राज्य होते, राजा सेत्शवायो. साताऱ्याच्या राजाकडे जसा तह होता तसा याच्याकडेही स्वतःचा कारभार आणि स्वतःची प्रजा होती. डिसेंबर १८७८ मध्ये फ्रियर यांनी त्याला निर्वाणीचा खलिता दिला, सैन्य मोडून टाक वगैरे, जो कोणत्याही राजाला पाळता येणार नाही असा. लंडनला युद्ध नको होते, तिकडून होकार येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. जानेवारी १८७९ मध्ये फौज घुसली आणि २२ जानेवारीला इसांडल्वाना येथे झुलूंनी तिच्यातली १,३०० वर माणसे कापून काढली. शेवटी तोफाबंदुकांपुढे झुलू हरले, राजा पकडला गेला, राज्याचे तुकडे झाले. किती झुलू मेले याचा नीट हिशेबही कोणी ठेवला नाही. पार्लमेंटात फ्रियर यांच्यावर टीकेची झोड उठली आणि १८८० मध्ये त्यांना परत बोलावले.

१८४८ आणि १८७८. बरोबर तीस वर्षे. पहिल्या वेळी ते तरुण होते, रेसिडेंट होते, आणि राज्य गिळू नका असे वरच्यांना सांगत होते. दुसऱ्या वेळी ते स्वतः वरच्या जागी होते आणि थांबा असे वरिष्ठ सांगत होते. या दोन माणसांची गाठ मी कितीदा घालायचा प्रयत्न केला, ती बसत नाही. पुस्तके म्हणतात की सिंधपासून त्यांना दूरच्या सरकारला न विचारता निर्णय घ्यायची सवय लागली होती. ते कारण पुरेसे वाटत नाही. साताऱ्याला त्यांची मराठी कानावर पडणाऱ्या माणसांशी होती, झुलूंची भाषा त्यांना येत नव्हती. मला हे जास्त पटते, पण मी काही इतिहासकार नाही.

विलायतेत परतल्यावर ते स्वतःची बाजू मांडत राहिले आणि २९ मे १८८४ रोजी विम्बल्डनला वारले. सेंट पॉल्समध्ये दफन झाले, थेम्सच्या काठी पुतळा बसला. कराचीत त्यांच्या नावाचा फ्रियर हॉल आहे. मुंबईत फ्रियर रोड होता, तो पुढे पी. डिमेलो रोड झाला.

चौकाचे पुढे काय झाले ते आपल्या पिढीला सांगायला नको. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच कारंज्याजवळ मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभरावर माणसे गेली. त्यांचे स्मारक कारंज्याच्या शेजारी आहे, शेतकरी आणि कामगार हातात मशाल घेऊन उभे आहेत, आणि चौकाला हुतात्मा चौक नाव दिले गेले.

त्या लढ्याची आमच्या घरातली बाजू थोडी वेगळी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला प्रांतरचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि रायपूर मध्य प्रदेशात. तोवर आपली राजधानी नागपूर होती, शंभरावर वर्षांची. वडील महसूल खात्यात कारकून, काकाही. काकांची वाटणी नागपुरात झाली, वडिलांची इथे. मी सहा वर्षांचा होतो. काका सामान बांधत होते आणि आजी कंकाली तलावाच्या बाजूच्या ओसरीवर बसून होती, एवढेच आठवते. १ मे १९६० ला मुंबईत दिवाळी झाली तेव्हा वडिलांनी घरात पेढे आणले, आणि मग संध्याकाळभर कोणाशी बोलले नाहीत. चौकातल्या मशालीसमोर उभा राहिलो तेव्हा मला तो पेढ्यांचा पुडा आठवला. ज्यांनी प्राण दिले त्यांच्याबद्दल आदर आहेच, आणि रेघ आमच्या दारावरून गेली हेही खरे आहे.

परतण्याच्या आदल्या दिवशी जावयाने विचारले की सकाळी पुन्हा कुठे जायचे का? नातीला घेऊन एकटाच गेलो. टॅक्सीवाल्याला मुद्दाम फ्रियर फाउंटन म्हणून पाहिले. त्याने आरशातून माझ्याकडे बघितले. मग हुतात्मा चौक म्हणालो. तो म्हणाला की फाउंटनला जायचे ना, मग तसे सांगा की, आणि मीटर टाकून गाडी काढली.